डिंडोली : घर, पाणी आणि राखलेली जागा

सुरत शहराच्या आग्नेय भागात, उधना–जळगाव लोहमार्गाच्या परिसरात वसलेले डिंडोली हे उपनगर २००६ साली महापालिकेच्या हद्दीत आले. कापड उद्योगात कामासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांमुळे मराठीबरोबर अहिराणीही येथे सहज कानी पडते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते. निरोगी आणि बदलत्या गरजांना सामावून घेणारे शहर कसे घडते, हे समजून घेण्यासाठी देखण्या इमारतींपेक्षा अशी कामगारवस्ती अधिक उपयोगी ठरते.

सुरतने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने शहर हादरले आणि लाखो लोक गाव सोडून गेले. पुढील वर्षी आयुक्त झालेल्या एस. आर. राव यांनी सफाई आणि आरोग्य यांचा कारभार विभागवार वाटून अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला; शहराचा बहुतांश भाग बुडाला. तापीखेरीज लिंबायत–परवट पट्ट्याला ‘खाडीपुरा’चेही भय असते. सुरतेत ‘खाडी’ म्हणजे पावसाळी पाणी वाहून नेणारा ओढा. गोमंतकीय वाचकाच्या मनातील खाडी नव्हे. त्याच्या पात्रालगत भराव पडला, की पाणी घरांत शिरते. खाजनातील मानस जसा भरती-ओहोटीप्रमाणे वाट उघडतो वा रोखतो, तशी सोय येथे नंतर करता येत नाही. पाण्याची वाट आधीच राखावी लागते.

घरांचा प्रश्न अधिक बिकट आहे. पत्र्याखालच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला कामगार भर दुपारी झोपतो, तर त्याच खोलीत घरातील स्त्रिया साड्यांवर खडे आणि लेस लावतात. नकाशात मात्र तिची नोंद केवळ ‘निवास’ अशी असते. समोरासमोर दोन खिडक्या आणि छपरावर पांढऱ्या चुन्याचा हात, एवढ्यानेही उष्मा जाणवण्याइतका कमी होतो. परंतु छप्पर घरमालकाचे असल्याने भाडेकरू तेवढाही बदल स्वतःहून करू शकत नाही. शहरांच्या हवामान-आराखड्यांत याच वर्गाचा विचार सर्वांत कमी होतो.

मोकळ्या जागेबाबत मात्र गुजरातची नगररचना योजना पाहण्याजोगी आहे. तिचे मूळ मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यात आहे. महाराष्ट्रात ती मागे पडली, गुजरातने १९७६ च्या कायद्याने पुढे चालवली. शेतजमिनी एकत्र करून रस्ते, उद्याने, शाळा आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी हिस्सा काढला जातो, उरलेले भूखंड मालकांना परत मिळतात. इमारती उभ्या राहण्यापूर्वी योजना झाली तरच हे साधते. दाट वस्तीत मागाहून रस्ता काढणे म्हणजे कुणाचे तरी घर पाडणे.

डिंडोलीतील तलाव आज छठ सरोवर म्हणून ओळखला जातो. उत्तर भारतीय कुटुंबे तेथे सूर्याला अर्घ्य देतात. एरवी तो काठ परिसरातील रहिवाशांच्या फिरण्याबसण्याचा असतो.