लागर बिअर आणि हिवाळ्याचे बंधन

बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई केली. उन्हाळी बिअर लवकर नासे, हा अनुभव त्यामागे होता. हिवाळ्यात माल्टचा अर्क ८ ते १२ अंश सेल्सिअस तपमानात सावकाश आंबे व पुढे थंड तळघरात आठवडेच्या आठवडे मुरे. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवण. किण्व सजीव असते हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. तथापि, थंडीत टिकणाऱ्या संकरित किण्वाची निवड या निर्बंधामुळेच नकळत होत गेली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या संकराचे एक जनक-किण्व २०११ साली पॅटागोनियाच्या अरण्यात सापडले, युरोपात नव्हे! निर्बंध १८५० साली उठला. १८७० नंतर लिंडेच्या शीतयंत्रांनी ऋतूचे बंधनही सोडविले. घरी बिअर करणारा यंत्रहीन मनुष्य मात्र अद्यापि जानेवारीचीच वाट पाहतो.