यंत्र, गाव, रस्ता : मोटारींच्या ओढीने परदेशी जाणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मोटारी पाहायला परदेशी निघालेल्या माणसाला घरातून पहिला टोमणा ठरलेला असतो : गाडी बघायला एवढ्या लांब कशाला, शोरूममध्ये फुकट दिसते की! टोमण्यात तथ्य आहे. निव्वळ गाडीच पाहायची तर तिचं रूप, इंजिनाचा आवाज, आतल्या चामड्याची शिवणसुद्धा आता घरबसल्या पडद्यावर दिसते. तरीही माणसं मारानेल्लो, स्टुटगार्ट, ल मां, डेट्रॉइट गाठतात. तिथे ती काय पाहतात आणि त्यांनी काय पाहावं, हा या अभ्यासाचा विषय आहे. मराठी प्रवासवर्णनांत मोटार येते ती बहुधा वाहन म्हणून. पाहण्याची आणि विचार करण्याची वस्तू म्हणून क्वचितच. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मोटार जिथे घडली, जिथे अडली आणि जिथे तिच्यापायी माणसं एकमेकांशी भांडली, ती जागा पाहिली तरच विमानाच्या तिकिटाचे पैसे वसूल होतात.

सुरुवात जर्मनीतल्या वीसलोख नावाच्या गावी, एका औषधाच्या दुकानात करू. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलग्यांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाल्या. वाहन होतं नवऱ्याची, कार्ल बेंझ यांची, १८८६ च्या पेटंटची तीनचाकी. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. पेट्रोल पंप ही गोष्ट जगात नव्हती. इंधन म्हणून चालणारं लिग्रोइन औषधविक्रेत्याकडे मिळायचं, ते त्यांनी वीसलोखला विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. या प्रवासानंतर बेंझ यांनी चढासाठी गाडीला आणखी एक गिअर दिला. २००८ पासून ही वाट बेर्टा बेंझ स्मृतिमार्ग म्हणून अधिकृतपणे ओळखली जाते आणि मैलोगणती पाट्या लावून दाखवली जाते. काचेपलीकडची तीनचाकी पाहताना तो गिअर हा नुसता एक सुटा भाग वाटतो. फोर्त्सहाइमच्या अलीकडचे चढ पाहिले की तो का लागला ते कळतं.

स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात अशीच आणखी एक जागा आहे : एक काचघर. गॉटलीब डाइमलर यांनी आपल्या बंगल्याच्या बागेत ते कार्यशाळेसाठी वाढवून घेतलं आणि विल्हेल्म मायबाख यांच्यासह तिथे दार लावून हलकं, वेगाने फिरणारं इंजिन घडवलं. रात्रंदिवस ठाकठोक ऐकून माळ्याला संशय आला की मालक खोटी नाणी पाडतात. पोलिसांनी धाड घातली आणि त्यांना सापडली ती हत्यारं आणि इंजिनाचे भाग. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जी मेबॅक मोटार रस्त्यावर येते, तिच्यावरचं नाव याच मायबाख घराण्याचं. कोल्हापूरकराने कानश्टाटला जाण्यासाठी एवढं निमित्त पुरेसं आहे. बहुतेक पर्यटक मात्र हे काचघर सोडून थेट मोठ्या संग्रहालयाकडे जातात.

ती मोठी संग्रहालयं पाहू नयेत असं मी म्हणणार नाही. स्टुटगार्टचं मर्सिडीज-बेंझ संग्रहालय (२००६) वास्तुकला म्हणूनही विलक्षण आहे : लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि एकमेकांत गुंफलेल्या दोन वळणदार उतारांवरून इतिहास उतरत खाली यायचं. त्सुफेनहाउझेनचं पोर्शे (२००९) आणि म्युनिकचं बीएमडब्ल्यू (१९७३) यांच्या इमारतीही डोळ्यांत भरतात. पण कंपनीने आपल्याच पैशाने उभारलेलं संग्रहालय म्हणजे शेवटी आत्मचरित्र. आत्मचरित्र जसं वाचतो तसंच ते पाहावं : सांगितलेलं मन लावून ऐकावं आणि गाळलेलं शोधायला दुसरीकडे जावं.

गाळलेलं कधी कधी त्याच आवारात सापडतं. वोल्फ्सबुर्ग हे गाव १९३८ मध्ये नाझी राजवटीने फोक्सवागन कारखान्यासाठी वसवलं. आजचं नावही त्याला युद्धानंतर, १९४५ मध्ये मिळालं. तिथलं ‘आउटोश्टाट’ २००० साली उघडलं. ग्राहक आपली नवी गाडी न्यायला येतो आणि प्रत्येकी चारशे गाड्या मावणाऱ्या काचेच्या दोन मनोऱ्यांतून ती यंत्राच्या हाताने खाली उतरते. मुलांना हे फार आवडतं, मोठ्यांनाही. याच कारखान्यात युद्धकाळात हजारो परदेशी स्त्री-पुरुषांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. त्यांचं स्मृतिस्थळ कारखान्यातल्याच हवाई हल्ल्यापासूनच्या एका जुन्या निवाऱ्यात १९९९ पासून आहे. कंपनीने ते जपलं याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण ते पाहायला आधी चौकशी करावी लागते, मनोऱ्यांसाठी नुसतं तिकीट पुरतं. आपल्या अभ्यासात हा फरक टिपून ठेवण्याजोगा आहे.

एकच जागा दोन वेगवेगळ्या गोष्टी कशी सांगते, याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, म्युलूझला आहे. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे भाऊ कापडधंद्यातले. लोकरीच्या गिरण्यांतून पैसा आला. फ्रिट्झना बुगाटीचं वेड होतं, आणि बुगाटीचं मूळ गाव मोल्सहाइमही याच प्रांतातलं. १९६० च्या दशकात ते जगभरातून गाड्या उचलू लागले. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका संग्राहकाच्या तीस बुगाटी एकदम विकत घेतल्या. म्युलूझच्या एका जुन्या गिरणीत कारागीर बसवून गाड्या दुरुस्त करून घेतल्या जात. आत काय चाललंय हे बाहेर फारसं कुणाला कळू दिलेलं नव्हतं. गावातल्या कामगारांच्या पोटावर चालणारा हा छंद होता, हे कामगारांना ठाऊक नव्हतं.

१९७६ मध्ये धंदा बुडाला, कामावरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या आणि भाऊ सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये संघटनेच्या कामगारांनी गिरणीचा ताबा घेतला. दरवाजा उघडल्यावर समोर झगझगीत दिव्यांच्या रांगा, रेती घातलेल्या वाटा आणि शेकडो मोटारी. त्यांत शंभराहून अधिक बुगाटी, आणि सगळ्या जगात सहाच उरलेल्या बुगाटी रोयालपैकी दोन. पगार थकलेल्या माणसाला ते पाहून काय वाटलं असेल, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको; गिरणगावाचा संप आपल्या जवळचाच आहे. कामगारांनी संग्रहालयाला आपलं नाव दिलं आणि दोन वर्षं ते लोकांसाठी खुलं ठेवलं. गाड्या मोडीत काढून किंवा लिलावात विकून पगार भागवावा, असा विचार पुढे येणं साहजिकच होतं. पण १९७८ मध्ये फ्रेंच सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे तो फुटला नाही, देशाबाहेरही गेला नाही. १९८२ मध्ये तो राष्ट्रीय संग्रहालय म्हणून रीतसर उघडला.

आता प्रश्न असा की हा संग्रह कुणाचा? ज्याने वेड लावून घेऊन गोळा केला त्याचा, की ज्यांच्या श्रमातून पैसा आला त्यांचा? फ्रिट्झ नसते तर यातल्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या असत्या, हेही खरं. मी कामगारांच्या बाजूचा आहे, पण त्या निळ्या बुगाटींच्या रांगेसमोर उभं राहिल्यावर बाजू घेणं सोपं राहत नाही. हे अवघडलेपण सोबत घेऊन पाहता आलं, तर प्रवासी आणि अभ्यासक यांच्यातलं अंतर बरंच मिटलं असं मी मानतो.

गिरणी आणि मोटार यांचं नातं जपानमध्ये उलट दिशेने दिसतं. नागोयाला टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय जुन्या कापड कारखान्याच्या विटांच्या इमारतीतच आहे, आणि तिथे आधी माग चालवून दाखवतात, मोटारी मागाहून. साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्याचं पेटंट १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्सनी घेतलं. हेच प्लॅट मुंबईच्या गिरण्यांनाही यंत्रं पुरवत. मुलगा किइचिरो पुढे मोटारींकडे वळला, पण दोष दिसताच काम थांबवण्याची ती सवय कारखान्यात टिकली.

तुरीनला गेलं की मुंबईकराला आपलं माणूस भेटल्यासारखं होतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आपण वर्षानुवर्षं फियाटच म्हणत आलो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला फियाट ११०० बांधली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तुरीनच्या लिंगोत्तो भागात फियाटचा १९२३ मध्ये सुरू झालेला पाच मजली कारखाना उभा आहे. कच्चा माल तळमजल्यावर येई, मजल्यागणिक गाडी आकार घेत वर चढे आणि तयार गाडीची चाचणी थेट गच्चीवर, कलत्या वळणांच्या धावपट्टीवर होई. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. रेन्झो पियानो यांच्या आराखड्याने तिथे दुकानं, हॉटेल, सभागृह आणि कॉलेजचे वर्ग आले. २०२१ पासून धावपट्टीवर बाग आहे आणि माणसं चालायला येतात. वळणदार उतारांवरून वर जाता येतं ते जरूर जावं. जवळच, पो नदीच्या काठी, राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. ते एका कंपनीचं नसल्यामुळे तिथे प्रतिस्पर्धी शेजारी-शेजारी उभे दिसतात.

पिसाचा मनोरा पाहायला तर आपले सगळेच जातात. तिथून रेल्वेने थोड्या अंतरावर पोंतेदेरा आहे, पिआज्जो कंपनीचं गाव. हेलिकॉप्टरवर काम केलेल्या कोरादिनो द’आस्कानिओ यांनी १९४६ ची व्हेस्पा आखली. तिच्याच परवान्यावर बजाजने आपल्याकडे स्कूटर बनवायला घेतली आणि परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली. बजाजच्या आकुर्डीत पिढ्या घालवलेल्या घरातल्या कुणी मनोरा सोडून पोंतेदेरा निवडलं तर मी त्याला शहाणा म्हणेन.

अभ्यास म्हटला की अस्सलपणाचा वाद आलाच. जुन्या गाडीचा रंग खरवडून ती नव्यासारखी चकचकीत करावी, की पडलेल्या भेगांसकट ठेवावी? इमारतींसाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती. त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, ‘फिवा’ने, २०१२ मध्ये तुरीनची सनद मंजूर केली. शक्य तिथे जपणूक, नाइलाजाने पुनर्घडण, आणि गाडी रस्त्यावर चालत राहणं हाही जपणुकीचाच भाग, असा तिचा रोख आहे. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात पटतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून ब्रायटनकडे १९०५ पूर्वीच्या गाड्या निघतात, तेव्हा धूर, तेलाचा वास, वाटेत बंद पडलेलं यंत्र आणि मालकाचे काळे हात, सगळं रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट पाहता येतं.

रस्ता हेही स्मारकच. ल मांच्या शर्यतीतला लांबलचक सरळ पट्टा एरवी साधा सार्वजनिक रस्ता असतो, त्यावरून गावातली माणसं बाजाराला जातात. न्युरबुर्गरिंगच्या १९२७ च्या उत्तर वळणावर, सुमारे २१ किलोमीटरच्या फेरीवर, ठरावीक दिवशी शुल्क भरून आपली गाडी नेता येते. भाड्याच्या गाडीच्या करारात मात्र याला बहुधा मनाई असते आणि विमाही लागू होत नाही, तेव्हा बारीक अक्षर वाचूनच जावं. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच चालतो. स्टुटगार्टची दोन्ही आणि म्युनिकचं संग्रहालय सोमवारी बंद असतात.

हे क्षेत्र मोठं आहे आणि पुढे त्यातल्या वाटा आपण सावकाश चालणारच आहोत. पण पहिल्या खेपेला एकच ठिकाण जमणार असेल तर म्युलूझला जा, आणि अख्खा दिवस हाताशी ठेवा.