औद्योगिक तपासणी व्यवसाय : जोखीम आणि विमा

तुये, डिचोली, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींत क्रेन, लिफ्ट, दाबपात्रे यांची ठरावीक काळाने तपासणी होत असते. 1948 च्या कारखाने कायद्याने लिफ्टसाठी सहा महिने, तर क्रेन, साखळ्या व दोरखंडांसाठी बारा महिने अशी कमाल मुदत घालून दिली आणि हे काम ‘सक्षम व्यक्ती’कडे सोपवले. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. तपासनिसाच्या सहीचे वजन मात्र कमी झालेले नाही. जानेवारी 2023 मध्ये पिळर्ण येथे रंगाच्या कारखान्याला लागलेली आग गोमंतकीयांच्या स्मरणात आहे. अशा कोणत्याही घटनेनंतर चौकशीत प्रथम मागितली जातात ती तपासणीची प्रमाणपत्रे.

मोरजीत घरातूनच हा व्यवसाय करणाऱ्या तंत्रज्ञाची अडचण येथे सुरू होते. एकल मालकीच्या व्यवसायात धंद्याचे देणे आणि राहते घर यांत कायदा भेद करीत नाही. भरपाईचा हुकूम झाला, तर तो जमिनीपर्यंत पोहोचतो.

सार्वजनिक दायित्व विमा घेतला की काम झाले, हा समज घातक आहे. तपासणी करताना हातातील उपकरण पडून कुणी जखमी झाले, तर तो विमा उपयोगी पडतो. जोडकामातील तडा नजरेतून निसटला आणि नंतर दाबपात्र फुटले, तर ती व्यावसायिक चूक ठरते; तिच्यासाठी ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ हा स्वतंत्र विमा लागतो. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचाही येथे आधार नाही. तो घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकावर बंधन घालतो, तपासनिसाला कवच देत नाही.

इन्डेम्निटी विमा बहुधा ‘दावा दाखल होतेवेळी’ या तत्त्वावर चालतो. समजा, 2023 मध्ये डिचोलीतील क्रेन तपासली आणि 2025 मध्ये तिचा दोरखंड तुटला. तपासणीच्या वर्षी पॉलिसी होती, एवढे पुरत नाही. दावा येईल त्या दिवशीही ती चालू असावी लागते आणि तिच्यातील पूर्वलक्षी तारीख तपासणीच्या आधीची असावी लागते. हप्ते वाचवण्यासाठी मधले एक वर्ष सोडले किंवा कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकली, तर मागील सारे काम उघडे पडते. व्यवसाय बंद करतानाही हे पाहावे. जाणूनबुजून दिलेले खोटे प्रमाणपत्र आणि दंडाची रक्कम यांना संरक्षण नसतेच.

विम्याइतकेच महत्त्व प्रमाणपत्राच्या भाषेला आहे. ‘यंत्र सुरक्षित आहे’ असे मोघम लिहू नये. कोणता भाग, कोणत्या पद्धतीने, कोणत्या दिवशी तपासला आणि कुठे पोहोचता आले नाही, हे नोंदवावे. छायाचित्रे व उपकरणांचे अंशांकन दाखले जपून ठेवावेत.

चिमण्या व छपरे ड्रोनने पाहणाऱ्यांसाठी पेडण्यात आणखी एक मुद्दा आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार नॅनो वगळता इतर ड्रोनना त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि मोपा विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच परवानगी लागते. विनापरवाना उड्डाणात अपघात झाल्यास विमा कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते.

दावा फेटाळल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योग त्यानंतर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाऊ शकतात. गोवा त्यांच्या पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो.