पाहुण्याच्या उशाशी

पाहुण्याच्या खोलीत पलंगाशेजारी छोटं टेबल ठेवायची पद्धत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत अलीकडची. त्याआधी हे काम भिंत करायची. जुनी मातीची भिंत हातभर तरी जाड, त्यामुळे तिच्यात कोनाडा सहज निघे. बाजेच्या उशाकडच्या कोनाड्यात आधी तेलाची पणती, पुढे रॉकेलची चिमणी. बाजेखाली पाण्याने भरलेला गडवा, त्यावर पालथं फुलपात्र.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. हळूहळू गावोगाव वीज पोचली आणि चिमणी माळ्यावर गेली. मग सिमेंटची घरं आली. त्यांत छताचा भार खांब पेलतात, म्हणून आतली भिंत साडेचार इंची. तिच्यात कोनाडा कुठून बसणार? त्याची जागा टेबलाने घेतली.

टेबल सजवायचं म्हटलं की फुलदाणी आठवते. मला त्या जुन्या दोन वस्तू आठवतात. परक्या घरात रात्री तहान लागली तरी पाहुणा संकोचाने कुणाला उठवत नाही. उजेड आणि पाणी हाताशी असलं की त्याला मागावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, आजही उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात भरलेला गडवा म्हणजे मोठा मान.

म्हणून टेबलावर आधी झाकलेलं पाणी, पडल्यापडल्या हात पोचेल असं दिव्याचं बटण, मोबाईलचं चार्जर आणि चष्म्यापुरती रिकामी जागा. फुलं त्यानंतर.