आंतरराष्ट्रीय संयुक्त संशोधन अनुदान म्हणजे काय? पैसा कोण देतं आणि तो वऱ्हाडात येऊ शकतो का?

‘परदेशी विद्यापीठासोबत आमच्या कॉलेजचा करार झाला’ अशी पोस्ट अधूनमधून फेसबुकवर दिसते. फोटोत हारतुरे, फाइल हातात धरलेले दोन जण आणि मागे बॅनर असतो. खाली एक तरी कमेंट हमखास असते, ‘म्हणजे आता डॉलरमध्ये पैसा येणार!’

तसा पैसा सहसा येत नाही. एक तर सामंजस्य करार म्हणजे अनुदान नव्हे. ‘आपण एकत्र काम करू’ एवढंच त्यात लिहिलेलं असतं, पैशाचं कलम बहुतेक वेळा नसतंच. दुसरं म्हणजे, अनुदान खरंच मंजूर झालं तरी तो पैसा बऱ्याचदा परदेशातून येतच नाही. तो दिल्लीतून येतो.

हे एकदा समजलं की अमरावतीच्या राजापेठेत राहून पीएचडी करणाऱ्याला किंवा अकोल्यात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला या योजनांचा उपयोग कसा करून घ्यायचा, हेही समजतं.

संयुक्त संशोधन अनुदान म्हणजे काय?

एकच प्रश्न दोन किंवा अधिक देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून सोडवायचा आणि त्यासाठीचा खर्च सरकारांनी उचलायचा, अशी ही व्यवस्था आहे. प्रश्न शाश्वत विज्ञान-तंत्रज्ञानातला असेल तर विषय साधारण ठरलेले असतात. सांडपाणी शुद्ध करणं, शेतातल्या कचऱ्यापासून इंधन, सौरऊर्जा, कमी पाण्यावरची पिकं, जमिनीचं आरोग्य आणि हवामानबदल.

यात कर्ज नसतं, म्हणजे पैसा परत करायचा नसतो. पण हिशेब मात्र पै-पैचा द्यावा लागतो.

पैसा नेमका कोण देतं?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, ज्याची त्याची थैली. भारतातल्या शास्त्रज्ञाचा खर्च भारत सरकार करतं आणि जर्मन किंवा जपानी शास्त्रज्ञाचा खर्च त्याचं सरकार. प्रकल्प एक, पण पैशाच्या वाटा दोन. आपल्याकडे हे काम मुख्यतः विज्ञान व तंत्रज्ञान विभाग म्हणजे डीएसटी करतो. जैवतंत्रज्ञान विभाग आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्याही योजना असतात.

दुसरा, सामाईक थैली. दोन सरकारं मिळून एक संस्था काढतात आणि तिच्यात पैसे भरतात. भारत आणि फ्रान्सने १९८७ मध्ये ‘सेफिप्रा’ ही अशी संस्था काढली. अमेरिकेसोबतचा ‘भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच’ २००० च्या करारातून उभा राहिला. जर्मनीसोबतचं ‘भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र’ २०१० चं आहे.

तिसरा, आंतरराष्ट्रीय संस्थेची थैली. इथे अनेक देश सदस्य असलेली एखादी संस्था थेट प्रकल्पाला पैसा देते.

या तिन्हींत न बसणारी, पण अनुदान समजली जाणारी एक गोष्ट वऱ्हाडात सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणजे ‘पोकरा’, अर्थात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर मंजूर केले. शेतकऱ्याच्या हातात पडतं ते अनुदान असतं, पण महाराष्ट्रासाठी तो पैसा कर्ज आहे आणि ते फेडायचं आहे. म्हणून बातमीत ‘जागतिक बँकेचा निधी’ वाचलं की आधी विचारायचं, कर्ज की अनुदान?

उदाहरण पाहू : नागपूरची बाग आणि पुण्याची भिंत

अमरावतीहून दीडशे किलोमीटरवर नागपुरात दयानंद पार्क आहे. तिथे सांडपाणी शुद्ध करून बागेसाठी वापरण्याचा प्रयोग झाला. सांडपाणी खडी-वाळूच्या वाफ्यांतून सोडायचं आणि वाफ्यात पाणवनस्पती लावायच्या. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी निघतं. वीज कमी लागते आणि यंत्रंही फार नसतात.

हा प्रयोग ‘नावाटेक’ या प्रकल्पाचा भाग होता. तो २०१२ मध्ये सुरू झाला. भारताकडून नागपूरची ‘नीरी’ ही संस्था त्यात प्रमुख होती, युरोपकडून जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया आणि स्पेनमधल्या संस्था होत्या. पुण्यातही कामं झाली. तिथल्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या कार्यालयात भिंतीवर कुंड्यांच्या रांगा लावून हात धुतल्याचं पाणी त्यांतून गाळलं गेलं. कुंडीत नुसत्या भाजलेल्या मातीच्या हलक्या गोट्या भरल्या की पाणी भराभर निघून जायचं. त्यात वाळू किंवा नारळाचा काथ्या मिसळला तेव्हा ते रेंगाळलं आणि जास्त स्वच्छ झालं.

आता पैशाची बाजू बघा. युरोपीय संस्थांना युरोपीय संघाने पैसे दिले आणि भारतीय संस्थांना डीएसटीने. म्हणजे ‘युरोपचा प्रकल्प’ म्हणून ओळखलं जाणारं नागपूरचं काम भारतीय करदात्याच्या पैशातूनही झालं. युरोपकडून मिळालं ते तंत्र, अनुभव आणि सोबत काम करणारी माणसं.

पऱ्हाटीचं काय?

कापूस वेचून झाला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यापुढे पऱ्हाटीचा प्रश्न असतो. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटवली जाते.

या पऱ्हाटीवर आंतरराष्ट्रीय पैशातून काम झालेलं आहे. ‘कॉमन फंड फॉर कमॉडिटीज’ ही ॲमस्टरडॅमची आंतरसरकारी संस्था आहे. तिच्या मदतीने मुंबईच्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचा प्रकल्प राबवला. सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे, तिथे प्रायोगिक प्लांट उभा राहिला. हे तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थेच्या थैलीचं उदाहरण.

विषय जुना झालेला नाही. मे २०२५ मध्ये भारत आणि युरोपीय संघाने मिळून संशोधन प्रस्ताव मागवले, त्यातला एक विषय होता कचऱ्यापासून हरित हायड्रोजन.

सध्या कोणकोणत्या योजना आहेत?

• सेफिप्रा : भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांच्या संयुक्त प्रकल्पांसाठी. कालावधी साधारण तीन वर्षं.

• भारत-जर्मन केंद्राची ‘२+२’ योजना : दोन्ही देशांतून एकेक शैक्षणिक संस्था आणि एकेक उद्योग हवा. म्हणजे एखाद्या एमआयडीसीतल्या कंपनीलाही इथे जागा आहे.

• स्पार्क : शिक्षण मंत्रालयाची २०१८ ची योजना, समन्वय आयआयटी खरगपूरकडे. भारतीय संस्थेला राष्ट्रीय क्रमवारी आणि मूल्यांकनाच्या अटी पूर्ण कराव्या लागतात.

• ब्रिक्स : किमान तीन सदस्य देशांतले भागीदार हवेत.

• बेलमाँट फोरम : हवामान आणि पर्यावरणावरचे प्रकल्प. भारताचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय यात आहे.

• होरायझन युरोप : २०२१ ते २०२७ साठी सुमारे ९५.५ अब्ज युरोंचा कार्यक्रम. भारतीय संस्था यात भागीदार होऊ शकते, पण तिला आपोआप पैसा मिळत नाही. बहुतेक वेळा आपला खर्च आपण किंवा आपल्या सरकारने उचलावा लागतो. आकडा बघून हुरळून जायच्या आधी ही ओळ वाचावी.

• सॅट्रेप्स : जपानची २००८ पासूनची योजना. सहकारी देशात रोख रकमेऐवजी मुख्यतः उपकरणं, तज्ज्ञ आणि प्रशिक्षण या रूपाने मदत येते.

पैसा कशावर खर्च करता येतो?

रसायनं, क्षेत्रभेटी, नमुन्यांची तपासणी, भागीदाराकडे जाणं-येणं आणि प्रकल्पावर नेमलेल्या तरुण संशोधकांचं मानधन यांवर. नेट किंवा गेटसारख्या परीक्षेतून आलेल्या कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं, असा केंद्राचा दर आहे. म्हणजे असा एक प्रकल्प अमरावतीत आला तर एक-दोन पोरांना पुण्या-मुंबईला न जाता संशोधन करता येतं. गावासाठी या योजनांचा सगळ्यात थेट फायदा हाच.

प्राध्यापकाचा नेहमीचा पगार, इमारत, गाडी यासाठी हा पैसा नसतो.

अर्ज कसा होतो?

आधी ‘कॉल’ निघतो, म्हणजे विषय आणि शेवटची तारीख जाहीर होते. ज्याची त्याची थैली असेल तिथे तोच प्रस्ताव भारतीय शास्त्रज्ञ आपल्याकडे आणि परदेशी शास्त्रज्ञ त्याच्याकडे भरतो. एकीकडचा अर्ज राहिला की दुसरीकडचाही बाद. मग दोन्हीकडे तज्ज्ञ तपासणी करतात आणि संयुक्त समिती निवड करते.

कॉल आणि शेवटची तारीख यांत थोडेच आठवडे असतात. एवढ्यात अनोळखी भागीदार सापडत नाही. ज्यांची ओळख आधीपासून असते तेच अर्ज करू शकतात. म्हणून खरी तयारी कॉलच्या वर्ष-दोन वर्षं आधी सुरू होते. आपल्या विषयावर कोण काय लिहितंय ते वाचायचं, नेमका एक प्रश्न घेऊन ईमेल करायचा, छोटं काम एकत्र करून बघायचं. ‘ज्ञान’ योजनेतून परदेशी प्राध्यापक भारतात शिकवायला येतात, तिथेही ओळख होते.

मंजुरीनंतर दरवर्षी खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते अडकलं की पुढचा हप्ता अडकतो.

दोन कायदे विसरून चालत नाहीत

एक, जैवविविधता कायदा, २००२. देशी कपाशीचं बियाणं किंवा लोणारच्या सरोवरातले जिवाणू पाकिटात घालून परदेशी मित्राला पाठवता येत नाहीत. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर झालेल्या संयुक्त प्रकल्पांना कलम ५ खाली सवलत आहे, आणि म्हणूनच काम रीतसर मंजूर करून घेणं फायद्याचं ठरतं.

दोन, परदेशी योगदान नियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए. परदेशातून थेट पैसा घ्यायचा तर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच येते. डीएसटीकडून आलेला आपला वाटा मात्र साधं सरकारी अनुदान असतं.

मग वऱ्हाडाकडे देण्यासारखं काय आहे?

मोठी प्रयोगशाळा नाही, हे खरं. पण मोठ्या प्रयोगशाळेकडे पूर्णेचं खोरं नाही.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा घ्या. विहिरीला पाणी आहे, पण ते खारं. पिकाला दिलं की जमीन चोपण होते. पोकरात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली गेली. क्षारांच्या जमिनीवर ऑस्ट्रेलियापासून मध्य आशियापर्यंत लोक काम करतात. त्यांना जमीन, शेतकरी आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्या असतात. या नोंदींसाठी इथलीच माणसं लागतात.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे आणि अमरावती विद्यापीठ १९८३ पासून. क्रमवारीच्या अटीत न बसणाऱ्या कॉलेजने एकट्याने अर्ज करण्यापेक्षा अशा विद्यापीठाच्या किंवा नीरीसारख्या संस्थेच्या प्रस्तावात भागीदार व्हावं. ‘या गावांतलं पाणी आम्ही दर महिन्याला तपासतो’ असं सांगणारं छोटं कॉलेज प्रस्तावात ओझं होत नाही, उलट त्याच्यामुळे प्रस्ताव भक्कम होतो.

शेवटी एक सावधगिरी

‘तुमच्या संस्थेला आंतरराष्ट्रीय संशोधन अनुदान मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी भरा’ असा ईमेल आला तर तो उघडपणे फसवा आहे. वर सांगितलेल्या योजनांत अर्ज न करता काही मंजूर होत नाही आणि अनुदान मिळवण्यासाठी कुणाला फी पाठवावी लागत नाही. कॉल खरा आहे का, हे त्या विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायचं.

आणि पुढच्या वेळी कराराचा फोटो दिसला की डॉलर मोजायच्या आधी कमेंटमध्ये एवढंच विचारा, प्रश्न कोणता घेतलाय आणि इथल्या किती पोरांना त्यावर काम मिळणार आहे?