खनिज तेल सरण्याआधी

खनिज तेल म्हटले की मोटारी, विमाने आणि पेट्रोल पंप डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात शेतातील ट्रॅक्टर, भाजीपाला शहरात आणणारे ट्रक, प्लॅस्टिक, रंग, कीटकनाशके अशा असंख्य गोष्टी तेलावरच अवलंबून असतात. त्यामुळे तेल महागले किंवा मिळेनासे झाले, तर त्याचा फटका थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. अशा संकटाचा मुकाबला सरकारने करावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र आयर्लंडमधील किन्सेल आणि इंग्लंडमधील टॉटनेस या दोन छोट्या गावांनी ही तयारी गावाच्या आणि गल्लीच्या पातळीवर करून पाहिली.

तेलाचे उत्पादन कधी तरी शिखर गाठून उतरणीला लागणार, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान कमाल पातळी गाठेल, असे भाकीत भूगर्भशास्त्रज्ञ मॅरियन किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये केले होते. १९७० नंतर तेथील उत्पादन खरोखरच घटू लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाच तर्क जगाला लावला जाऊ लागला. जुलै २००८ मध्ये तेलाचे दर प्रतिपिंप १४७ डॉलरपर्यंत गेल्यावर ही चर्चा सर्वतोमुखी झाली.

तत्पूर्वीच, २००५ मध्ये, किन्सेल येथील महाविद्यालयात पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रचनेशी जुळवून घेणारी शेती व राहणी, हा विषय शिकवणारे रॉब हॉपकिन्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसमवेत गावासाठी एक आराखडा तयार केला. त्याची पद्धत लक्षणीय होती. २०२१ सालचे, कमी ऊर्जेवर समाधानाने जगणारे किन्सेल कसे असेल याचे चित्र आधी रेखाटायचे आणि तेथून मागे येत कोणत्या वर्षी काय करावे लागेल हे ठरवायचे. अन्न, घरे, वाहतूक, आरोग्य, शिक्षण, कचरा अशा प्रत्येक क्षेत्राचा त्यात स्वतंत्र विचार होता. गावाच्या नगर परिषदेने हा आराखडा स्वीकारला.

पुढे हॉपकिन्स डेव्हन परगण्यातील टॉटनेसला आले आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेथे ‘ट्रान्झिशन टाऊन’ अर्थात ‘स्थित्यंतर गाव’ या उपक्रमास प्रारंभ झाला. या परिसराला ग्रामपुनर्रचनेची परंपरा आहे. रवींद्रनाथ टागोर यांच्या श्रीनिकेतनच्या कार्यात सहभागी झालेले लिओनार्ड एल्महर्स्ट यांनी १९२५ मध्ये गावालगतच्या डार्टिंग्टन येथे तशाच धर्तीचा प्रयोग सुरू केला होता.

टॉटनेसमधील कामे साधी होती. स्वस्त तेलाचा काळ येण्यापूर्वीचे जीवन आठवणाऱ्या वृद्धांच्या मुलाखती घेण्यात आल्या. भाज्या पिकवणे, कपडे दुरुस्त करणे अशी विस्मृतीत चाललेली कौशल्ये शिकवण्यात आली. ज्यांच्या बागा पडून होत्या, त्यांची जागा लागवडीची इच्छा असलेल्या, पण जमीन नसलेल्या शेजाऱ्यांना मिळवून देण्यात आली. अक्रोडासारखी फळझाडे सार्वजनिक जागेत लावली गेली. एका गल्लीतील सहा ते दहा कुटुंबांनी एकमेकांच्या घरी जमून वीज, पाणी, अन्न आणि प्रवास यांतील उधळपट्टी शोधायची, या उपक्रमात सुमारे ५०० कुटुंबे सहभागी झाली.

सर्वच प्रयोग टिकले नाहीत. पैसा गावातच फिरावा म्हणून २००७ मध्ये काढलेले ‘टॉटनेस पौंड’ हे स्थानिक चलन रोखीचे व्यवहार घटल्याने २०१९ मध्ये बंद झाले. या चळवळीत सुशिक्षित मध्यमवर्गाचाच भरणा अधिक, ही टीकाही झाली. शिवाय ज्या भाकितावर ती उभी राहिली, ते अपेक्षेप्रमाणे खरे ठरले नाही. शेल खडकांतून तेल काढण्याच्या तंत्रामुळे अमेरिकेच्या उत्पादनाने २०१८ मध्ये १९७० चा उच्चांकही मागे टाकला.

तरीही पूर्वतयारीचे महत्त्व कमी होत नाही, हे क्युबाच्या अनुभवावरून ध्यानात येते. जमिनीखालचे तेल संपले नसतानाही एखाद्या देशाचे तेल अचानक आटू शकते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन होताच क्युबाला मिळणारे स्वस्त तेल आणि खते जवळपास थांबली. तेलाची आयात काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. ट्रॅक्टर उभे राहिले, बैल पुन्हा औताला जुंपले गेले, चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणाव्या लागल्या. हवानातील मोकळ्या जागांवर वाफे करून नागरिकांनी भाज्या पिकवल्या. आज या शहरी शेतीचे कौतुक होते. मात्र त्यापूर्वी लोकांचे हाल झाले. १९९२-९३ मध्ये अपुऱ्या पोषणाशी निगडित मज्जाविकाराची साथ येऊन ५० हजारांहून अधिक लोकांना, प्रामुख्याने दृष्टीचा, त्रास झाला. तहान लागल्यावर विहीर खणावी लागली, तर पाणी लागेपर्यंत घसा कोरडाच राहतो.

किन्सेल आणि क्युबा यांच्यातील फरक साधनांचा नसून वेळेचा आहे. वाफे, सायकली, दुरुस्तीची कौशल्ये हे उपाय दोन्हीकडे बरेचसे सारखेच आहेत. एकीकडे ते सवडीने आखले गेले, दुसरीकडे उपासमारीच्या छायेत. फळझाड लावल्यापासून फळ येईपर्यंत वर्षे जातात, माती सकस व्हायला काही हंगाम लागतात आणि शेजाऱ्यांमधील विश्वास एका बैठकीत निर्माण होत नाही. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या भारतातील शहरांनाही हा हिशेब लागू पडतो. तेल नेमके कधी कमी पडेल, याची तारीख कोणी सांगू शकत नाही. तयारीला लागणारा वेळ मात्र आजही मोजता येतो.