किक्किस : एका खाजेचा इतिहास

गर्भिणीच्या त्वचेविषयी प्राचीन ग्रंथांत जे आढळते ते बहुतांशी बाहेरून पाहणाऱ्याने लिहिलेले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेची लक्षणे सांगताना स्तनाग्रे काळी पडणे आणि रोमराजी उमटणे यांचा उल्लेख येतो. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेचे वर्णन करताना हाच काळेपणा टिपला आणि त्याला कमलकलिकांवर बसलेले भ्रमर आठवले. तिकडे ग्रीसमध्ये, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत, गर्भिणीचा वर्ण चांगला असल्यास मुलगा आणि वाईट असल्यास मुलगी, असे भाकीत आहे. कोणाला निदान हवे होते, कोणाला उपमा, कोणाला भविष्य. त्या स्त्रीला स्वतःला काय जाणवत होते, याची विचारपूस यांत नाही.

म्हणूनच चरकसंहितेतील एक उतारा विलक्षण वाटतो. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीची महिन्यागणिक परिचर्या सांगितली आहे. सातव्या महिन्यापाशी आल्यावर ग्रंथकार स्त्रियांचे एक मत नोंदवतो : गर्भाला केस फुटू लागतात आणि त्यामुळे आईच्या शरीरात जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात. लगेच पुढे भगवान आत्रेयांचा निर्णय येतो : तसे नाही. वाढत्या गर्भाच्या दाबामुळे वात, पित्त व कफ छातीपर्यंत येतात आणि दाह उत्पन्न करतात; दाहातून खाज सुटते आणि खाजेतून ‘किक्किस’ होते. पुढील टीकाकारांनी या शब्दाचा अर्थ त्वचा फाटणे, तिच्यावर रेघा उमटणे, असा लावला आहे. आज ज्यांना आपण स्ट्रेच मार्क्स म्हणतो, त्यांच्याशी हे वर्णन सहज जुळते.

आत्रेयांनी स्त्रियांचे स्पष्टीकरण नाकारले. त्यांची तक्रार मात्र नाकारली नाही, हे येथे महत्त्वाचे. उपचारांची यादी चांगली लांबलचक आहे. बोराच्या काढ्याबरोबर मधुर औषधींनी सिद्ध केलेले लोणी पोटात घ्यावे. चंदन व कमळाच्या देठांचा लेप स्तनांवर आणि पोटावर चोळावा. कडुनिंब, बोर, तुळस व मंजिष्ठ यांचा कल्क लावावा. खाजवू नये, कारण त्वचा फाटून विद्रूपता येते; आणि खाज असह्यच झाली तर नखे न लावता चोळून शमवावी. ‘असह्य झाली तर’ ही मुभा देणाऱ्याने ती खाज कोणाच्या तरी तोंडून ऐकली असली पाहिजे.

या जुन्या वादाला अलीकडे एक गमतीदार जोड मिळाली. छातीत जळजळ होते त्या बाईच्या बाळाला भरपूर केस असतात, ही समजूत अमेरिकेतही आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी ती खोडून काढता येईल अशा अपेक्षेने 64 गर्भवतींची पाहणी केली. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम वा तीव्र जळजळ सांगणाऱ्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक केस होते. जळजळ अजिबात नसलेल्या 12 पैकी 10 जणींच्या बाळांना कमी होते. केस आईला जाळत नाहीत, एवढ्यापुरते आत्रेय बरोबर. पण ज्या संप्रेरकांनी अन्ननलिकेची झडप सैल पडते, तीच गर्भाच्या केसांच्या वाढीवरही परिणाम करत असावीत, असा तर्क संशोधकांनी मांडला. पाहणी लहान आहे, तिच्यावर फार भार टाकू नये. तरीही स्त्रियांनी कारण चुकीचे सांगितले असले तरी त्यांचे निरीक्षण पोकळ नव्हते, एवढे म्हणण्यास जागा आहे.

उपचारांच्या बाबतीत मात्र चरकाला जसेच्या तसे उचलणे धोक्याचे. त्याच यादीत करवीराच्या, म्हणजे कण्हेरीच्या, पानांनी सिद्ध केलेले तेल आहे, आणि कण्हेर विषारी आहे. स्ट्रेच मार्क्स खाजवल्याने येत नाहीत. ताण, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांमुळे त्वचेच्या आतल्या थरातील तंतू तुटतात. ते रोखणारे मलम असल्याचा भक्कम पुरावा 2012 च्या कॉक्रेन आढाव्यालाही सापडला नाही. तेलाने वा साध्या मलमाने कोरडेपणा आणि खाज कमी होते, आणि तेही थोडके नव्हे. नाभीखालची काळी रेघ प्रसूतीनंतर हळूहळू फिकी होते. चेहऱ्यावरचे वांग (हा शब्द संस्कृत ‘व्यंग’वरून आला) उन्हाने गडद होते, टोपी, छत्री आणि झिंक किंवा आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन हाच त्यावर निर्धोक उपाय. रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोन या काळात टाळावीत. गोरेपणासाठी विकली जाणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे तर कधीच लावू नयेत.

या इतिहासातून आजसाठी घ्यायचे ते त्या लेपांपेक्षा ऐकून घेण्यातच अधिक आहे. गरोदरपणात खाज सुटतेच, असे म्हणून घरातील वडीलधारी आणि कधी डॉक्टरही विषय संपवतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु तळहात-तळपायांना, रात्री अधिक, अंगावर पुरळ नसताना सुटणारी खाज यकृतातील पित्तप्रवाह मंदावल्याची खूण असू शकते. त्यासाठी रक्तातील पित्ताम्लांची तपासणी करावी लागते. ‘लॅन्सेट’मधील 2019 च्या विश्लेषणानुसार त्यांचे प्रमाण लिटरला 100 मायक्रोमोल किंवा अधिक असल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका ठळकपणे वाढतो. ही खाज पाहणाऱ्याला दिसत नाही. ती त्या स्त्रीने सांगितल्यावरच कळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथाने स्त्रियांचे म्हणणे खोडण्यापूर्वी निदान लिहून तरी ठेवले होते.